डोळे नेहमीच पिवळे, मग हिपॅटायटिस कशाला तपासता?

शिबिरात, ओपीडीच्या रांगेत आणि आता सहकाऱ्यांकडूनही हा प्रश्न येतो. तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच नीट लिहिते. "सिकलसेलच्या पेशंटचे डोळे जन्मभर पिवळेच असतात. मग हिपॅटायटिसच्या मागे का लागता?"

पिवळे असतात म्हणूनच. एरवी पांढऱ्या डोळ्यांच्या माणसाला कावीळ झाली तर शेजारीसुद्धा ओळखतो. एसएस पॅटर्नच्या, म्हणजे आई-वडील दोघांकडूनही सिकलसेल मिळालेल्या, मुलीची कावीळ मात्र घरच्यांना दिसत नाही आणि आपल्यालाही दिसत नाही.

निरोगी लाल पेशी सुमारे १२० दिवस टिकते, सिकलची १० ते २० दिवस. फुटलेल्या पेशींतून निघणारं पिवळं द्रव्य, बिलिरुबिन, यकृताला पुरतं उपसता येत नाही, म्हणून त्याचा यकृतात प्रक्रिया न झालेला, म्हणजे इनडायरेक्ट, भाग वाढतो. तो लघवीत उतरत नाही. यकृत सुजलं, म्हणजे हिपॅटायटिस झाला, की प्रक्रिया झालेला डायरेक्ट भाग वाढतो आणि तो लघवीत उतरतो. म्हणून नुसतं टोटल बिलिरुबिन मागवू नका. टोटल ३ आणि डायरेक्ट ०.४ हा नेहमीचा पिवळेपणा आहे. टोटल ९ आणि डायरेक्ट ५ म्हणजे हिपॅटायटिस, पित्तनलिकेत अडकलेला खडा किंवा यकृतातच झालेलं सिकलिंग (लाल पेशी विळ्यासारख्या वाकून अडकणं). एसजीओटी आणि एसजीपीटी ही यकृताच्या तपासणीतली एन्झाइम्स; एसजीओटी लाल पेशींतूनही येतं, त्यामुळे यकृतासाठी एसजीपीटी वाचा. पेशंट बरा असतानाचे टोटल, डायरेक्ट आणि एसजीपीटी हे तिन्ही आकडे फाइलीच्या पहिल्या पानावर हवेत. ते नसतील तर वाढ कशाच्या तुलनेत मोजणार?

आता एका फाइलीबद्दल. हिमोग्लोबिन ४ वर आलं म्हणून एका मुलीला रक्ताच्या दोन पिशव्या दिल्या. पाच आठवड्यांनी एसजीपीटी थोडं वाढलेलं निघालं. हिपॅटायटिस सीचं अँटीबॉडी कार्ड (विषाणूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिद्रव्यं शोधणारी तपासणी) लावलं, ते निगेटिव्ह आलं. फाइलीत ओळ आली : एचसीव्ही (हिपॅटायटिस सीचा विषाणू) निगेटिव्ह. तारीख नाही, रक्त कधी चढवलं त्याचा उल्लेख नाही. पुढच्या भरतीत ती ओळ "व्हायरल मार्कर्स निगेटिव्ह" झाली आणि पानामागून पान उतरत गेली. डोळे जास्त पिवळे झाले की क्रायसिस (सिकलचा झटका) म्हणायचं, सलाइन, वेदनाशामक. चार वर्षांनी पित्ताशयाच्या ऑपरेशनआधीच्या तपासणीत अँटीबॉडी पॉझिटिव्ह, मग आरएनए (खुद्द विषाणू शोधणारी तपासणी) पॉझिटिव्ह. तोवर यकृत घट्ट होऊ लागलं होतं.

ते कार्ड खोटं बोललं नव्हतं. अँटीबॉडी तयार व्हायला साधारण ८ ते ११ आठवडे लागतात आणि तपासणी झाली पाचव्या आठवड्यात. रक्तदात्याचीही अँटीबॉडीच तपासली असेल आणि तोही त्याच मधल्या काळात असेल, तर ती तपासणीही बरोबरच होती. विषाणू त्या पिशवीतूनच आला हे आज सिद्ध करता येणार नाही; एखाद्या सुईतूनही आला असेल. चूक सापडते ती एकच : निगेटिव्ह हा शब्द तारखेवाचून उतरवत राहणं.

पूर्वी मीच शिकवत असे की नोंदणीच्या वेळी एकदा अँटीबॉडी करा आणि पुढे एसजीपीटी वाढलं तरच पुन्हा. ते चुकीचं होतं; हिपॅटायटिस सीत एसजीपीटी कित्येकदा नॉर्मल असतं. पण तेव्हाच्या त्या बाईंची, म्हणजे माझीच, बाजूही सांगायला हवी. त्या काळी उपचार म्हणजे इंटरफेरॉन आणि रिबाव्हिरिन. रिबाव्हिरिन लाल पेशी फोडतं, म्हणजे सिकलच्या पेशंटला नको तेच. सापडलं तर करायचं काय, हा प्रश्न खरा होता. आता तो उरलेला नाही. सोफोसबुव्हिर ४०० मिग्रॅ आणि डॅक्लाटासव्हिर ६० मिग्रॅ, रोज एकदा, सिरॉसिस (यकृत कायमचं निबर होणं) नसेल तर १२ आठवडे. २०१८ पासून राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात मोफत. सुरू करण्याआधी हिपॅटायटिस बी तपासा, कारण सी गेल्यावर दबलेला बी उसळू शकतो. गोळ्या संपल्यावर १२ आठवड्यांनी पुन्हा आरएनए करा. त्या मुलीचा विषाणू गेला. यकृताचं जे झालं ते गोळ्यांनी पुसलं नाही. अँटीबॉडी मात्र बरं झाल्यावरही पॉझिटिव्हच राहते. फाइलीत "उपचार पूर्ण, आरएनए नाही" असं नसेल तर पुढचा दवाखाना तिला पुन्हा रोगी ठरवेल.

बीची लस देशभरच्या लसीकरणात २०११ पासून आली. त्याआधी जन्मलेल्यांची लस झाली असेलच असं धरू नका. ०, १ आणि ६ महिने असे तीन डोस, शेवटच्यानंतर एक-दोन महिन्यांनी अँटी-एचबीएस (लशीने आलेलं संरक्षण मोजणारी तपासणी). १० किंवा जास्त हवं. डोसनंतर तीन आठवडे एचबीएसएजी (बीच्या विषाणूचं आवरण शोधणारी तपासणी) करू नका, लशीमुळेच ती पॉझिटिव्ह दिसू शकते.

उरतो तो प्रश्न मला सुटलेला नाही. प्रत्येक पिशवीनंतर आरएनए करावी का? नमुना थंड ठेवून जिल्ह्याला पाठवायचा आणि रिपोर्ट येईपर्यंत पेशंट मजुरीला लांब निघून गेलेला. सहा महिन्यांनी अँटीबॉडी पुन्हा करा म्हणावं, तर ज्याला दर महिन्याला रक्त लागतं त्याचे सहा महिने मोजायचे कुठून? सध्या मी एवढंच मागते : निगेटिव्ह लिहाल तिथे तपासणी कोणती, तिची तारीख आणि त्याआधी शेवटचं रक्त कधी चढवलं, हे तिन्ही त्याच ओळीत लिहा.