खर्जाची तार

‘दादा, स्वस्तातला पाच तारांचा बेस गिटार कोणता घेऊ?’ हा प्रश्न मला महिन्यातून दोन-तीनदा तरी येतो. विचारणारी बहुतेक विशीतली मुलं. कुणी कॉलेजच्या बँडमध्ये वाजवतो, कुणी चर्चमध्ये, कुणी नुकताच एखाद्या ऑर्केस्ट्रात लागलेला. बजेट पंचवीस-तीस हजारांच्या आतलं, आणि तेही पै-पै साठवून जमवलेलं. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा सविस्तरच लिहितो.

मॉडेलचं नाव सांगण्याआधी मी एक उलट प्रश्न विचारतो. तुम्ही ज्यांच्यामागे वाजवता ते गायक कुठल्या पट्टीत गातात?

याचं कारण असं. चार तारांच्या बेसची सगळ्यात जाड तार म्हणजे ई, आपल्या पेटीच्या भाषेत पांढरी तीन. तिच्याखाली त्या वाद्यात काहीच नाही. आणि आपल्याकडचे पुरुष गायक सर्रास कुठे गातात? काळी एक, काळी दोन. म्हणजे गायकाचा सा नेमका तिथे, जिथे आपला बेस संपलेला असतो. काळी एकचा सा चार तारांवर ईच्या शेजारच्या ए तारेच्या चौथ्या फ्रेटवर, म्हणजे पडद्यावर, मिळतो, पण तो वरच्या सप्तकातला. त्याच्या खालचा पंचम सापडतो, खालचा सा सापडत नाही. मी पहिली नऊ वर्षं याच्यावरच भागवलं आणि कार्यक्रम झाले. पण अंतरा संपतो, गायक मुखड्यावर परततो, सगळी वाद्यं समेवर उतरतात, आणि त्या क्षणी बेसने खाली जायच्या ऐवजी वर उडी मारली की गाण्याचा पाय उचलला जातो. श्रोत्याला काय बिनसलं ते सांगता येणार नाही, पण त्याला ते जाणवतं. शेजारी की-बोर्डवाला ट्रान्सपोजचं, म्हणजे पट्टी बदलायचं, बटण दाबून मोकळा झालेला असतो. आपल्याकडे बटण नाही.

पाच तारांच्या बेसवर ईच्या वर, अंगठ्याच्या बाजूला, आणखी एक जाड तार येते ती बीची. तिच्या पहिल्या फ्रेटवर पांढरी एक, दुसऱ्यावर काळी एक, चौथ्यावर काळी दोन. आमच्यातले सगळे तिला ‘लो बी’ म्हणतात. मी तिला मनातल्या मनात खर्जाची तार म्हणतो, तानपुऱ्याच्या चौथ्या तारेसारखी. पाच तारा म्हणजे हेवी मेटल असा एक समज मुलांमध्ये आहे. मेटलवाल्यांना ती तार लागते हे खरं, पण माझ्या मते भावगीत, लावणी आणि जुनी हिंदी गाणी वाजवणाऱ्याला ती त्याहून जास्त लागते.

ही तार बेसवर तशी उशिराच आली. अमेरिकन वाद्यनिर्माता लिओ फेंडर याचा प्रिसिजन बेस १९५१चा, चार तारांचा. १९६५ साली फेंडर कंपनीनेच पाच तारांचा बेस काढला, पण त्यांनी पाचवी तार वरच्या सुरांच्या बाजूला लावली, पातळ सीची. फ्रेट फक्त १५. तो फार चालला नाही. खालची बी घेऊन वाजवणाऱ्या पहिल्यांपैकी अमेरिकन बेसवादक जिमी जॉन्सन. १९७६च्या सुमाराला त्याने अलेम्बिक या गिटार बनवणाऱ्या कंपनीकडून तसा बेस करून घेतला. त्याचे वडील सिंफनी ऑर्केस्ट्रात डबल बेस वाजवायचे, म्हणजे खालच्या सुरांची सवय घरातलीच. पुढे १९८०च्या दशकात सिंथेसायझर ईच्या खाली जायला लागला आणि बेसवाल्यांनाही त्याच्याबरोबर खाली उतरावं लागलं. आपल्या ऑर्केस्ट्रात की-बोर्ड आणि बेस यांच्यात आज जे होतं, तेच तिकडे तेव्हा झालं.

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. तुमचा एकच गायक असेल आणि तो काळी दोनमध्येच गात असेल, तर नवा बेस घेऊ नका. चारही तारा अर्धा सूर उतरवा, मोकळी ईची तार काळी दोन होते, काम झालं. काळी एकसाठी मात्र हे जमत नाही. तीन अर्धसूर उतरवले की नेहमीच्या तारा लोंबायला लागतात आणि फ्रेटवर खडखडतात. त्यावरही उपाय आहे. पाच तारांच्या सेटमधल्या खालच्या चार, म्हणजे बी, ई, ए, डी, आपल्या चार तारांच्या बेसवर चढवायच्या. वरच्या सुरांची जीची तार जाते, नटच्या, म्हणजे खुंट्यांजवळच्या पट्टीच्या, खाचा रुंद कराव्या लागतात, पण खर्च एका सेटचा आणि थोड्या कारागिरीचा. पैसे खरोखरच कमी असतील तर मी हेच सुचवतो. पण एकाच रात्री चार गायक आणि चार पट्ट्या असतील तर पाच तारांना पर्याय नाही. पाचव्या फ्रेटवर हात ठेवलात की पांढरी तीनपासून वरची जवळपास दोन सप्तकं हात न हलवता मिळतात. मोकळ्या तारेवर अवलंबून राहावं लागत नसल्यामुळे पट्टी बदलली की तोच साचा दोन घरं मागे किंवा पुढे सरकवायचा.

माझा पहिला पाच तारांचा बेस मी जुना घेतला, १४,००० रुपयांत, एका मोठ्या शहरातल्या दुकानातून. रंग सुंदर, गळा सरळ. दुकानात मी तो अर्धा तास वाजवला आणि त्या अर्ध्या तासात बी तारेला मोजून चार वेळा हात लावला असेल. सवयच नव्हती. पुढच्या आठवड्यात गणपतीचा कार्यक्रम होता. पहिलं गाणं काळी एकचं. मी मोठ्या हौसेने बीच्या दुसऱ्या फ्रेटवर सा धरला आणि गायकाने वळून माझ्याकडे पाहिलं. सा चढा लागत होता. थोडासाच, पण एवढ्या खालच्या सुरात थोडासाही पेटीशी भांडतो. उरलेला कार्यक्रम मी चार तारांवर काढला.

घरी ट्यूनर लावून बसलो. मोकळी तार सुरात. बाराव्या फ्रेटवर सुरात. दुसऱ्या फ्रेटवर चढी, पहिल्यावर त्याहून चढी. म्हणजे दोष घोडीत नव्हता, दुसऱ्या टोकाला होता. मी सांगलीचा, मिरज हाकेच्या अंतरावर. तानपुरे आणि सतारी जिथे पिढ्यान् पिढ्या घडतात त्या गल्लीत एका कारागिरांकडे बेस घेऊन गेलो. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, ते याच गल्लीतल्या हातांमुळे. त्यांनी आयुष्यात बेस गिटार हातात घेतलेला नव्हता. त्यांनी बीची तार बोटांत फिरवून पाहिली, नटापाशी नख लावलं आणि म्हणाले, ‘तार खाचेत बसलेलीच नाही हो. वर उभी आहे.’

तसंच होतं. आधीच्या मालकाने १३०ची, म्हणजे ०.१३० इंचाची, जाड तार चढवलेली आणि खाच तिच्यापेक्षा अरुंद. तार वर लटकत होती, म्हणून पहिल्या दोन-तीन फ्रेटवर दाबताना ती जास्त ताणली जायची आणि सूर चढायचा. त्यांनी गोल कानस घेतली. चार घास मारायचे, तार खाचेत ठेवायची, टंकार ऐकायचा, पुन्हा काढायची. खाच खुंट्यांच्या बाजूला किंचित उतरती ठेवली, म्हणजे तार फ्रेटच्या बाजूच्या कडेवरच टेकेल आणि झिणझिणणार नाही. जवारी काढणाऱ्या, म्हणजे घोडी घासून तानपुऱ्याचा नाद जुळवणाऱ्या, माणसाला हे कुणी शिकवावं लागत नाही. पाऊण तास लागला. मग त्यांनी स्वतः दुसऱ्या फ्रेटवर बोट ठेवून तार छेडली आणि बेसच्या लाकडाला कान लावला. मीही लावला. काळी एकचा तो सा हाडात शिरला.

म्हणून दुकानात गेलात की बाकी चार तारा विसरा. जिच्यासाठी जास्तीचे पैसे मोजताय ती एकच तार तपासा. आधी अँप, म्हणजे अँप्लिफायर, न लावता. पाचव्या फ्रेटवर बी दाबा आणि मग मोकळी ई छेडा. सूर एकच आहे, आवाजही एकाच घरातला वाटायला हवा. ई टणक आणि बी मऊ, फुगलेली, ‘भुम्’ करून विरणारी असेल तर दुसरा बेस मागवा. दुकानातली तार जुनी आणि मेलेली असण्याची शक्यता असते, म्हणून मी खिशात एक नवी बी घेऊन जातो आणि दुकानदाराला विनंती करून लावून बघतो. बहुतेक जण नाही म्हणत नाहीत. मग ट्यूनर लावून पहिला, दुसरा, पाचवा आणि बारावा फ्रेट. बारावा चढा असेल तर घोडीवरचं सॅडल, म्हणजे तार टेकते तो सरकता तुकडा, मागे न्यायचं. बीचं सॅडल बाकीच्यांपेक्षा मागे असणं बरोबरच आहे, पण ते आधीच शेवटाला टेकलेलं असेल आणि तरी सूर चढाच असेल, तर आणखी मागे सरकायला जागा उरलेली नाही. असा बेस सोडून द्या. गळ्यासाठी तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर एकदम दाबून मध्ये, आठव्याच्या आसपास, फट बघा. जाड कागद जाईल इतकी फट चांगली. आपल्याकडे पावसाळ्यात गळा हलतो, त्यामुळे ट्रसरॉड, म्हणजे गळ्याचा बाक जुळवायची आतली सळई, फिरतो ना, याची दुकानदाराकडूनच खात्री करून घ्या. अडकलेला ट्रसरॉड म्हणजे वाया गेलेले पैसे.

उभं राहून, पट्टा लावून बघितल्याशिवाय घेऊ नका. पाच तारांचा बेस साधारण चार-साडेचार किलोचा असतो, आणि टोकाला एक खुंटी जास्त असल्यामुळे काही बेसांचा गळा हात सोडला की खाली जातो. तीन तासांच्या कार्यक्रमात डाव्या हाताने वाजवायचंही आणि गळा पेलायचाही, हे खांद्याला परवडत नाही.

आता नावं. मी स्वतः वाजवून पाहिलेल्या आणि नवशिक्याला बिनधास्त सांगेन अशा बेसांत आयबानेझ जीएसआर २०५, यामाहा टीआरबीएक्स ३०५, स्क्वायरचा अफिनिटी जॅझ बेस पाच तारांचा आणि कोर्टचा अ‍ॅक्शन मालिकेतला. सगळ्यांची स्केल, म्हणजे नटपासून घोडीपर्यंतची तारेची लांबी, ३४ इंच. बीसाठी ३५ इंच हवेत असं सांगणारे भेटतील. लांबी वाढली की ताण वाढतो हे खरं, पण मी ३४ इंचांवर उत्तम बी ऐकलेली आहे आणि ३५वर रडकी. फरक पडतो तो तारांमधल्या अंतराने. आयबानेझवर घोडीपाशी ते १६.५ मिलिमीटर आहे. बोटं बारीक असतील, हात लहान असेल तर ते सुखाचं. चार तारांवर १९ मिलिमीटरची सवय झालेल्याला पहिले दोन महिने बोटं दोन तारांत अडकल्यासारखी वाटतात. यामाहा त्यामानाने ऐसपैस आहे. तो बजेटच्या थोडा बाहेर जातो, म्हणून जुना मिळतोय का बघा. या दोन्हींत नऊ व्होल्टची बॅटरी लागते. वाजवून झाल्यावर केबल बेसमधून काढून ठेवा. ती लावलेली राहिली की बॅटरी रात्रभर खर्च होत राहते.

आणि सगळे पैसे बेसवर संपवू नका. मोकळ्या बीचा सूर सुमारे ३१ हर्ट्झचा, ईचा ४१चा. घरातल्या आठ इंची स्पीकरच्या अँपमधून ३१ हर्ट्झ जवळजवळ येतच नाही. जे ऐकू येतं ते वरचे उपस्वर, त्यांवरून खालचा सूर आपला कान जुळवून घेतो. त्यामुळे घरी बी पोकळ वाटली तर लगेच बेसला दोष देऊ नका, हेडफोन लावून ऐका. कार्यक्रमात साऊंडवाल्याचे मोठे बॉक्स असतात, तिथे ती खरी उघडते. मात्र तिथे ती मोकळी सोडली की बाकीच्या तारा छेडल्यावरही स्वतःहून गुणगुणत राहते आणि सगळा मंडप गढूळ करते. ईवर किंवा एवर वाजवताना उजव्या हाताचा अंगठा तारांचा कंप टिपणाऱ्या पिकअपवर नाही, बीच्या तारेवर टेकवून ठेवायचा. मला ही सवय लागायला एक अख्खा सीझन गेला. रोज पंधरा मिनिटं फक्त एवढंच केलंत तर तुम्हाला कमी लागेल.

तारांचा एक जादा सेट घेतानाच घ्या. आमच्याकडे चार तारांचा सेट कुठेही मिळतो, पाचचा मागवावा लागतो. ४५ ते १३० घ्या किंवा ४५ ते १२५, पण बेसवर आधी जो होता त्याच मापाचा. माप बदललंत तर खाच बघून घ्या. का, ते वर सांगितलंच आहे.

तेव्हा आता तुमच्या गायकांच्या पट्ट्या एका कागदावर लिहून काढा. काळी एक किती, काळी दोन किती, बाईंची गाणी कुठल्या पट्टीत, सगळं. तो कागद आणि हाताच्या पंजाचा एक फोटो मला पाठवा, मग चारांतला कुठला घ्यायचा ते नक्की करू.