कुळागरात आपटलो त्याला गुलमर्ग कारण

परवा कुळागरात, म्हणजे आमच्या माडा-पोफळींच्या बागेत, सपशेल आपटलो. चिऱ्याच्या पायऱ्या, वर जूनचं ताजं शेवाळ, डोक्यावर नारळांची पाटी, आणि पाय सुटला तसा मी पुढे झुकलो. पुढे! लहानपणापासून माहितीय की घसरायला लागलं की मागे बसायचं, फार तर पार्श्वभाग शेकतो, डोकं वाचतं. दोन्ही कोपरं सोलली, नारळ गडगडत थेट ओहळात, आणि वरून बाबा ओरडले, "पायऱ्या काय आज बघितल्यास काय रे?"

बाबांना काय सांगणार, की फेब्रुवारीत पाच दिवस एका माणसाने माझ्याकडून हेच घोटून घेतलंय.

आम्ही गोव्यातल्या डिचोलीचे. बर्फाशी आमचा संबंध बाजारात मासळीच्या पेटीपुरता. पण आतेभावाला स्कीइंगचं खूळ लागलं आणि त्याने मलाही ओढला, तिकिटं काढून मोकळा झाला. आणि २०२४ चा जानेवारी गुलमर्गात कोरडा ठणठणीत गेला. रोज फोटो यायचे, बर्फाच्या जागी सगळं पिवळं गवत, खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धासुद्धा पुढे ढकलल्या. तिकिटाचे पैसे परत मिळणार नव्हते. मग जानेवारी संपता संपता बर्फ पडला, चांगला दणकून पडला, आणि इथे कार्निव्हलची गर्दी असताना आम्ही मोपा विमानतळावरून निघालो. श्रीनगरहून गुलमर्ग पन्नासेक किलोमीटर, टनमर्गनंतर टायरला साखळ्या लावतात, इतकंच, प्रवासात सांगण्यासारखं बाकी काही नाही.

गुलमर्ग २६५० मीटरवर. तिथून गोंडोला, म्हणजे दोरावरचा पाळणा, दोन टप्प्यांत वर जातो, पहिला कोंगदूरीला आणि दुसरा अफरवट डोंगराच्या खांद्यापर्यंत, म्हणजे जवळजवळ ३९५० मीटर. गोव्यातलं सगळ्यात उंच टोक बाराशे मीटरच्या आतलं, आणि इथे नुसत्या गोंडोलाचा चढच तेराशे मीटर! अमेरिकेत वगैरे उताराच्या टक्केवारीवरून ढोबळमानाने स्कीच्या वाटेचा रंग ठरतो, २५ टक्क्यांपर्यंत सोपा हिरवा, त्याच्यावर निळा, ४० च्या वर अवघड काळा (आणि १०० टक्के म्हणजे उभा कडा नव्हे हं, १०० टक्के म्हणजे ४५ अंश, हे मला तिथे जाऊन कळलं). अफरवटवर मात्र असं रंगीत पाट्यांचं प्रकरण नाही. वरचा सगळा डोंगर जसा पडला तसा बर्फ, मशीन फिरवून सपाट केलेला नाही. गोंडोलाच्या आसपासचा मुख्य भाग तपासून गस्त घालणारे स्की पॅट्रोलवाले उघडा की बंद ते सांगतात, त्याच्या बाहेर गेलात तर तुमचं तुम्ही.

आम्ही अर्थात खाली, गोल्फ कोर्सच्या बाळबोध उतारावर. शिकवणारे टनमर्गकडचे, पन्नाशीचे, त्यांना सगळे उस्ताद म्हणत. पहिल्या तासात त्यांनी मला एकच वाक्य चाळीस वेळा ऐकवलं असेल, "सर जी, कुर्सी पे मत बैठो." मी बसतच होतो. उतार दिसला की गुडघे आपोआप वाकतात आणि बूड मागे जातं, कुळागराची सवय. आणि गंमत अशी की मागे बसलं की वेग वाढतो! कारण वजन गेलं स्कीच्या शेपटीवर, पुढची टोकं हलकी झाली, आणि वळायचं असतं ते पुढच्या भागाने. ती टोकं बर्फाला टेकलीच नाहीत तर वळणार कोण? म्हणून नडगी बुटाच्या जिभेवर दाबून धरायची, छाती दरीकडे, म्हणजे जिकडे पडायची भीती वाटते नेमकं तिकडेच. डोक्याला कळतं हो. मांड्यांना कळत नाही.

मग उस्तादांनी माझ्याकडूनच पन्नासची नोट मागून घेतली, घडी करून माझ्या उजव्या नडगी आणि बुटाच्या मध्ये खोचली आणि म्हणाले, दाबून ठेवा, पडली की माझी. जेवायच्या आधी त्यांनी दीडशे कमावले. चौथी नोट पडली तेव्हा मात्र ते हसायचे थांबले, कारण मी खरंच पुढे झुकलो होतो, त्यांनी स्वतः बघितलं. खाली बसून बुटात बोट घातलं तर बोट आरामात फिरतंय. भाड्याच्या दुकानात मला एक माप मोठा बूट दिला होता, आणि मी शहाणा, सकाळी पाय टाकून म्हटलं होतं, वा, काय आरामशीर! स्कीचा बूट आरामशीर वाटला म्हणजे चुकीचा, टाच जरासुद्धा उचलली जाता कामा नये. ते स्वतः दुकानात गेले, काश्मिरीत बरंच काय काय बोलले, बूट बदलून आणला आणि दीडशे रुपये परत दिले. दुपारी मी पहिल्यांदा डावीकडे वळलो, ठरवून, स्वतःच्या मर्जीने. उजवीकडे वळायला अजून दीड दिवस गेला.

मध्ये विसाव्याला बसलं की उस्ताद आरिफ खानच्या गोष्टी सांगत. तो इथलाच पोरगा, २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिम्पिकला भारतातून एकटा गेलेला, झेंडा त्याच्याच हातात, जायंट स्लॅलम या वळणावळणाच्या शर्यतीत ४५वा आला. आतेभाऊ पटकन बोलून गेला, "पंचेचाळीसावाच?" उस्तादांनी त्याला शांतपणे परत वर पाठवला, पायाने चढत.

चौथ्या दिवशी स्की खालीच ठेवून आम्ही दुसऱ्या टप्प्याने वर गेलो, नुसतं बघायला. दम लागत होता, वारा कानात शिरत होता. एक चौघांचा गट निघायच्या तयारीत होता, छातीवर बीकन, म्हणजे बर्फात गाडलेल्याचा ठावठिकाणा देणारं यंत्र, सॅकमध्ये फावडं आणि लांब सळई, आणि एकमेकांचे बीकन लागतात का ते पुन्हा पुन्हा तपासत होते. मग एकेक करून गेले. एकेक का, तर वजन एकदम पडू नये आणि कोण गाडला गेलाच तर उरलेल्यांनी शोधावं म्हणून. खालून जो उतार पांढऱ्या चादरीसारखा दिसायचा तो वरून दिसतच नाही, चार पावलांवर जमीन गोल होते आणि पुढे एकदम लांबची दरी. हिमस्खलन बहुतेक ३० ते ४५ अंशांच्या उतारावर होतं, म्हणजे स्कीवाल्यांना जो उतार सगळ्यात गोड वाटतो तोच. १ फेब्रुवारी २०२३ ला याच अफरवटवर दोन पोलिश स्कीपटू गेले. आणि आम्ही घरी परतल्यावर, २२ फेब्रुवारीला, परत तसंच होऊन एक रशियन गेला. ती बातमी आईने टीव्हीवर बघितली. काही बोलली नाही, माझ्या ताटात माशांचं हुमण वाढलं आणि आवाज बंद केला.

शेवटच्या दिवशी उस्ताद मला कोंगदूरीहून खाली घेऊन आले, देवदाराच्या झाडांमधल्या वाटेने. सवा तास. नऊ वेळा पडलो, त्यातले सात मागे बसल्यामुळे. सहा-सात वर्षांची तिथली पोरं बाजूने सुंईकन जात होती, काठ्यासुद्धा नाहीत हातात. एका वळणावर उतार इतका तिरका की मी आडवा उभा राहून, कडा बर्फात रुतवून, बोट-बोट घसरत उतरलो, आणि तिथे उस्ताद माझ्या पुढे उलटे, पाठ दरीकडे करून चालल्यासारखे स्की करत होते आणि एकीकडे फोनवर घरच्यांशी बोलत होते.

खाली बूट काढला तर नोट आतच, पिळून काढावी इतकी भिजलेली. उस्तादांनी फेरनमधून, म्हणजे त्यांच्या लांब घोळदार झग्यातून, कांगडी, निखाऱ्यांची छोटी शेगडी, काढली, नोट वरून धरून वाळवली, आणि तिच्यात आणखी थोडे घालून आम्ही तिघांनी नून चहा घेतला. तो गुलाबी खारट चहा मला काय झेपला नाही, निम्मा आतेभावाला दिला.