जाळ्या भिजत घातल्यात

दुपारी चहा झाला म्हणून पातेलं उचललं, तर खालची जाळीही त्याच्याबरोबर वर आली. क्षणभर लोंबकळली आणि ठण्णकन पडली. आमच्या भांडीवाल्या मावशींनी पहिल्याच दिवशी बजावलंय, "गॅसच्या जाळ्या माझ्यात नाहीत हां." म्हणजे त्या माझ्यात.

बादलीत उकळतं पाणी, त्यात तीन मोठे चमचे धुण्याचा सोडा. धुण्याचाच. खायचा सोडा ढोकळ्याला ठेवावा, कीट काढायला त्याचा जोर पुरत नाही. बर्नर मात्र बाहेर. ॲल्युमिनियमचे असले तर सोड्यात काळे ठिक्कर पडतात, पितळेच्यांना चिंच-मीठ. हल्ली मोबाईलवर लोक सोड्यावर व्हिनेगर ओततात आणि फसफस उठली की खूश होतात. अरे, ते दोघं एकमेकांनाच संपवतात! उरतं कसलंसं खारट पाणी, आणि चिकटा जिथल्या तिथे. यावरून घरात माझी दोनदा भांडणं झालीत. विषय सोडतो.

आजीला सोडाही लागत नसे. चुलीतली राख आणि नारळाची शेंडी. राखेतला खार तेलकटाशी जमवून घेतो आणि त्याचा साबणच होतो, हे मला कॉलेजात कळलं. आजीला त्याची गरज पडली नाही. पण चूल तिनं कधी घासली नाही. रोज सकाळी शेणामातीचं पोतेरं फिरवायचं, की चूल स्वच्छ. आम्ही थर काढतो, ती थर चढवायची.

आणि तिचा तो बिडाचा तवा. धाकटी काकू नवीन लग्न होऊन आली तेव्हाची गोष्ट. सगळे झोपलेत असं बघून तिनं तो मोरीवर नेला आणि सबंध दुपार राख लावून घासला. आतलं करडं लोखंड दिसेपर्यंत. संध्याकाळी आजीनं तवा हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला. "अगो, तवा घासलास की सोललास?"

पुढे कितीतरी दिवस घावणे तुकड्यातुकड्यांनी खाल्ले. आजी अर्धा कांदा तेलात बुडवून तव्यावर फिरवत राहायची, बोलायची नाही. काकू भिंतीशी उभी राहून बघायची.

तेल तापून तापून घट्ट बसलं की त्याची कातडी होते. तव्यावरही तीच, जाळीवरही तीच. एकीला राप म्हणायचं आणि दुसरीला कीट.

आता तो तवा माझ्याकडे आहे. काकूनंच दिला, जायच्या आदल्या वर्षी. वर्तमानपत्रात गुंडाळून. "घासू नकोस रे," एवढंच म्हणाली.

जाळ्या भिजतायत. पाणी चहासारखं झालंय. तवा मी आतल्या खोलीत नेऊन ठेवलाय, उगाच.