वेतोबाच्या वहाणा

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत छड्या, प्रार्थना आणि स्नेहसंमेलनावर लिहिणारे पुष्कळ जण असतील. मी शाळेच्या हस्तलिखितावर लिहितो, तेही त्यातल्या एकाच चित्रकथेवर.

नववीत आमच्या वर्गात ‘अमर चित्र कथा’ अक्षरशः फाटेपर्यंत फिरायच्या. अनंत पैंनी १९६७ मध्ये सुरू केलेली ही मालिका. ३२ पानांत कृष्ण, ३२ पानांत कर्ण. राम वाईरकरांचा कृष्ण तर वह्यांच्या मागच्या पानांवर आम्ही गिरवत असू. त्यामुळे चित्रकलेच्या सरांनी ‘यंदा हस्तलिखितात आपल्याकडची एखादी गोष्ट चित्रांतून सांगा’ म्हटलं, तेव्हा सगळ्यांच्या डोळ्यांपुढे पिळदार दंड, मुकुट आणि ‘धडाड्’ एवढंच आलं.

सरांनी पेन्सिल हातात घेऊ दिली नाही. आधी पिंगुळीला नेलं. कुडाळच्या शेजारचं हे गाव आपल्याला तोंडपाठ, पण ठाकर मंडळींची चित्रकथीची पोथी आमच्यातल्या बहुतेकांनी तोवर पाहिली नव्हती. सुटी चित्रं, दोन-दोन पाठीला पाठ लावून चिकटवलेली. सांगणारा एकेक चित्र पुढ्यात उभं करतो, वीणा-टाळ-हुडुकाच्या साथीवर रामायणातला प्रसंग गातो, राम तोच आणि रावणही तोच. मग चित्र बदलतं. बटबटीत डोळ्यांची माणसं समोरासमोर उभी आणि मधली सगळी जागा बाणांनी भरलेली. खरं सांगायचं तर छापील पुस्तकांतल्या व्यायामशाळेतून आलेल्या देवांपेक्षा मला तिथले राक्षस जास्त जिवंत वाटले. अजूनही वाटतात.

परतताना सर एवढंच म्हणाले, “त्यांच्या चित्रात अक्षर नाही, कारण गाणारा बाजूला बसलाय. तुमच्या पानाशेजारी कोण बसणार?”

आमच्या गटाने आरवलीचा वेतोबा घेतला. वेंगुर्ले तालुक्यातल्या या देवाला नवसाच्या मोठमोठ्या चामडी वहाणा आणि केळ्यांचे घड वाहतात. रात्री तो गावाची राखण करत फिरतो, म्हणून वहाणा झिजतात, ही श्रद्धा. पहिल्या आराखड्यात आम्ही वेतोबाला अक्राळविक्राळ काढलं आणि संवादाच्या फुग्यात ‘मी आलो आहे!’ लिहिलं. माझ्या आजीने कागद बघितला आणि म्हणाली, “देव दिसलो काय गजाल संपली.” गजाल म्हणजे गोष्ट.

सरांपेक्षा तिने आम्हाला जास्त शिकवलं, असं सरच म्हणायचे. वेतोबा आम्ही काढून टाकला. आठ चौकटी उरल्या: देवळात नव्या कोऱ्या वहाणा, तिन्हीसांजेला बंद होणारी दारं, पाणंद, कुत्र्याचे टवकारलेले कान, गडग्यापाशी थबकलेला चोर, त्याच्याच डोळ्यांतून दिसणारी रिकामी वाट, पळताना त्याची पडलेली पिशवी, आणि सकाळी पुजाऱ्याच्या हातात वहाणेचा झिजलेला तळवा. चोर आमच्या पदरचा, बाकी गावाचं. चौथी आणि पाचवी चौकट यांच्या मधल्या कोऱ्या पट्टीत देव चालून जातो. गाणाऱ्याचं काम त्या पट्टीने केलं.

अक्षरांनी मात्र घाम काढला. इंग्रजी कॅपिटल अक्षरं एका उंचीत बसतात. आपल्याकडे वर रफार-वेलांट्या, खाली उकार, आणि दोन ओळी एकमेकींत घुसतात. शेवटी अक्षरं आधी लिहायची आणि फुगा नंतर त्यांच्याभोवती ओढायचा, हे आम्ही शोधून काढलं. पुढे जाहिरातीच्या धंद्यात पोट भरलं ते याच सवयीवर.

पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांनी घरच्या गोठ्यात या कलेचं संग्रहालय उभं केलं, २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. आमच्या वेळी तिथे जायला एस.टी.ची वाट बघावी लागे; आता मुलांच्या हातात टॅबलेट आहे आणि चौकटी बोटाने आखता येतात. शाळेला एकच विनंती: ग्रंथालयातल्या कपाटात जुनी हस्तलिखितं असतील, त्यांना वाळवी लागण्याआधी ती स्कॅन करून घ्या. आणि यंदाच्या नववीला एखादी गोष्ट आजीकडून आणायला सांगा, मोबाइलवरून नको. फुगे आखायला मी दिवाळीच्या सुट्टीत येतो.