पुढील स्टेशन नाहूर

मुंबईच्या लोकलवर गार्डला मेगाब्लॉकच्या रविवारी, म्हणजे दुरुस्तीसाठी एखादा मार्ग बंद असतो त्या दिवशी, ड्यूटीवर सही करताना एक कागद हातात पडतो. कुठला मार्ग बंद, किती ते किती, गाडी कुठे वळवायची आणि वळवल्यावर ती कुठे थांबेल. त्या दिवशीचा कागद न वाचताही मी म्हणून दाखवला असता. माटुंगा ते मुलुंड डाऊन, म्हणजे ठाण्याकडे जाणारा, धीमा मार्ग बंद. आमची ठाणे धीमी माटुंग्याला जलद रुळावर चढणार, शीव, कुर्ला, घाटकोपर, विक्रोळी, भांडुप, मुलुंड घेणार आणि मुलुंडनंतर पुन्हा आपल्या रुळावर येणार. विद्याविहार, कांजूरमार्ग, नाहूर गाळायची.

गाळायची यात कुणाची मर्जी नसते. या तिन्ही ठिकाणी जलद रुळाला फलाटच नाही. गाडी थांबवली तरी माणूस उतरणार कुठे, खडीवर? पण पेपरात 'लोकल थांबणार नाही' एवढंच छापून येतं आणि नाहूरच्या लोकांना वाटतं, रेल्वेचा आपल्यावरच डोळा आहे.

माझ्याबरोबर भरती झालेला एक जण पश्चिम रेल्वेला गार्ड आहे. त्याची तऱ्हा आणखी वेगळी. लोअर परळ, माहीमला जलद रुळाला फलाट आहे, पण आखूड. मग ब्लॉकच्या दिवशी तिथे 'दुहेरी थांबा'. आधी पुढचे डबे फलाटाला लागतात, ते उतरले की गाडी जरा सरकते आणि मागच्यांची पाळी येते. पुढचे ओरडतात, परत का थांबवली? मागचे आधीपासूनच ओरडत असतात. मी त्याला म्हणतो, तुझं बरं आहे बाबा, तुझी थांबते तरी.

थांबण्याबद्दल माझं मत तसं घाटात तयार झालं. लोकलवर येण्याआधी काही वर्षं मी कर्जत-लोणावळा केलं. पुण्याकडून उतरणारी गाडी मंकी हिलला थांबते ती माणसांसाठी नाही. 37 फुटांना एक फूट उतार आहे, ब्रेक धरतात की नाही ते बघायला. कर्जतला पुण्याकडे जाणाऱ्या गाड्या थांबायच्या त्या मागून ढकलणारं इंजिन लावायला. तेवढ्या वेळात लोक वडापाव घ्यायचे आणि समजायचे, थांबा वडापावसाठीच आहे. गाडी का थांबते हे गाडीतल्या माणसाला सहसा माहीत नसतं, आणि का थांबत नाही हे तर नसतंच.

तर तो रविवार. मी तेव्हा गार्ड होतो. 'ट्रेन मॅनेजर' हे नाव 2022 साली आलं, ही गोष्ट त्याच्या आधीची. सीएसएमटीला मागच्या केबिनमध्ये चढलो, रोजच्या सवयीने गाडीचा नंबर मशीनमध्ये टाकला. नंबर टाकला की डब्यातला तो आवाज आपोआप सुरू होतो. पुढील स्टेशन अमुक, अगला स्टेशन अमुक, नेक्स्ट स्टेशन अमुक. ब्लॉकच्या दिवशी तो बंद करायचा असतो. मशीनला बिचाऱ्याला आपण कुठल्या रुळावर आहोत ते कळत नाही, धीमी म्हटलं की ते सगळी स्टेशनं मोजत बसतं. मी विसरलो. इथे दोष मशीनचा नाही, माझा.

दादरला माइकवर मी स्वतः बोललो. शब्द न शब्द आठवतो, कारण पुढे अनेक दिवस तो डोक्यात फिरत राहिला. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. मेगाब्लॉकमुळे ही लोकल विद्याविहार, कांजूरमार्ग आणि नाहूर या स्थानकांवर थांबणार नाही." फलाटावरही त्याच वळणाची घोषणा चालू होती. दोन बेल दिल्या, मोटरमनने दोन परत दिल्या, निघालो.

भांडुप सुटल्यावर मी नेहमीप्रमाणे खिडकीतून बाहेर वाकून होतो. नाहूर आलं, गाडी वेगात होती. पलीकडच्या फलाटावर पांढरा झब्बा घातलेला एक माणूस आमच्या गाडीकडे बघून हात हलवत होता. आधी आनंदाने. मग तोच हात 'थांबा, थांबा' करायला लागला. मग तो मागे पडला.

तेवढ्यात काटा पडला. ब्रेकच्या हवेचा काटा खाली बसायला लागला की पोटात आधी कळतं. गाडी कण्हत कण्हत नाहूर आणि मुलुंडच्या मध्ये उभी राहिली. मोटरमनचा आवाज आला, "ओढली रे कुणीतरी." निवृत्तीला वर्ष राहिलेला शांत माणूस, पण त्या दिवशी धीम्या आणि जलद दोन्ही गाड्या आमच्या मागे त्याच एका रुळावर येत होत्या. त्याने फ्लॅशर लावला, शेजारच्या रुळावरच्यांना कळावं म्हणून. मी लाल झेंडा घेऊन खाली उतरलो.

साखळी कुठल्या डब्यात ओढली ते शोधायला फार हुशारी लागत नाही. हवा सुटल्याचा फुसफुस आवाज येतो, तिकडे जायचं. मागून चौथा डबा. वर चढलो तर सगळा डबा खिडकीबाहेर बघत होता, जणू मुलुंडचं आकाश पहिल्यांदाच दिसतंय. फक्त एक बाई साखळीखाली उभ्या. साठीच्या आसपास, डोक्यावर पदर, डाव्या हातात स्टीलचा मोठा डबा. उजवा हात अजून वरच, साखळीला धरलेला. हात खाली घेतला तर गाडी निघेल असं बहुतेक त्यांना वाटत होतं.

"कुणी ओढली?" असं विचारायची गरज नव्हती, तरी विचारलं.

"म्या ओढली. नाहूर गेलं माझं."

"आजी, गाडी थांबणार नाही असं सांगितलं होतं की."

"आवो, तुमचीच बाई म्हनली! दादरला म्हनली नाहूर. मगा परत म्हनली, पुढील ठेसन नाहूर. आन् मी दारात येऊन हुभी राहिले तर गाडी सुसाट."

यावर मी काय बोलणार? मशीनवरची ती बाई मीच चालू ठेवली होती.

एवढ्यात उजवीकडच्या दारात एक सोळा-सतराचा पोरगा दिसला. आजीबरोबरचाच. एक पाय आत, दुसरा खालच्या पायरीवर, हातात पिशवी, उडी मारून नाहूरकडे चालत जायच्या तयारीत. त्या बाजूला अप जलद, म्हणजे सीएसएमटीकडे जाणाऱ्या जलद गाड्यांचा रूळ होता. मी ओरडलो नाही, ओरडल्यावर माणूस दचकतो. गर्दीतून जाऊन मागून शर्टाची कॉलर धरली आणि आत घेतला. पोरगा वैतागून काहीतरी बोलणार होता. पण भोंगा वाजला आणि कल्याणकडून आलेली जलद दारापासून हातभर अंतरावरून गेली. वारा असा आला की आजींचा पदर उडाला. बारा डबे जाईस्तोवर कुणी काही बोललं नाही. मी कॉलर सोडली तेव्हा माझ्याच हाताला कापरं भरलेलं होतं.

मग सगळं कळलं. आजी सातारकडच्या, पहाटे बसने दादरला उतरलेल्या. नाहूरला भावाच्या नातीचं बारसं. "मी आत्याआजी. पोरीच्या बापाला भैनच न्हाई, मंग कुर्र कोन करनार? नाव माझ्याकडं हाय." डब्यात घुगऱ्या होत्या. फलाटावरचा झब्बेवाला आजींचा भाऊ.

खिडकीबाहेर बघणारा डबा आता हळूहळू आत बघायला लागला. एकाने विचारलं, "काय नाव ठेवणार, आजी?" आजींनी त्याच्याकडे असं पाहिलं की पुढे कुणी विचारलं नाही.

विनाकारण साखळी ओढली तर रेल्वे कायद्याच्या कलम 141 प्रमाणे 1000 रुपयांपर्यंत दंड किंवा वर्षापर्यंत कैद. ते मी त्यांना सांगितलं, सांगावंच लागतं. मग साखळी जागेवर बसवली, आजींना सांगितलं की मुलुंडला उतरा, पूल चढा, पलीकडच्या फलाटावरून सीएसएमटीकडची धीमी पकडा, एकच स्टेशन. तो मार्ग आज चालू आहे. पोराकडून तीनदा वदवून घेतलं. गाडी सात मिनिटं उभी होती. मुलुंडला आरपीएफच्या जवानाशी मी काय बोललो ते इथे लिहीत नाही. एवढंच सांगतो, की मशीन चालू राहिल्याचं मी माझ्या नावावर लिहून दिलं.

ठाण्याला पाणी पिताना मोटरमन म्हणाले, "अरे, तू सांगितलंस ना दादरला?" सांगितलं होतं. पण काय सांगितलं ते तेव्हा माझ्या ध्यानात आलं. मराठीत 'नाही' वाक्याच्या शेपटाला असतं. माणूस गर्दीत आपल्या स्टेशनच्या नावासाठी कान लावून उभा असतो. नाव ऐकलं की कान मिटतो आणि तो दाराकडे धावतो. त्यापुढचं 'थांबणार नाही' रेटारेटीत, पंख्याच्या घरघरीत जातं. आजींनी चूक ऐकलं नव्हतं. जेवढं ऐकलं तेवढं बरोबर होतं.

पुढच्या डाऊन फेरीला मशीन बंद केलं आणि दादरला माइकवर म्हणालो, "थांबणार नाही. ही गाडी थांबणार नाही. कुठे? विद्याविहार, कांजूरमार्ग, नाहूर. नाहूरवाल्यांनी मुलुंडला उतरून मागे यावं." व्याकरणाच्या बाईंनी कान धरला असता. पण दादरला पाच-सहा माणसं शिव्या देत उतरली, कुर्ल्याला आणखी काही. दोन-तीन जण केबिनच्या खिडकीशी येऊन, मागे यायचं म्हणजे नेमकं कसं, ते विचारून गेले. असं याआधी कुणी कधी विचारायला आलं नव्हतं.

मधली अप फेरी मात्र रोजच्यासारखी, सगळी स्टेशनं घेत. नाहूरला थांबलो तेव्हा दुपारचा एक वाजून गेला होता. फलाट रिकामा होता, दोन मुलं पुलाच्या जिन्यावर बसून फुगा फोडायच्या प्रयत्नात होती. बारशाचाच असेल असं काही नाही. मी उगाच चार सेकंद जास्त बघितलं आणि दोन बेल दिल्या.