सोन्याचं गंठण की पिवळ्या धातूचं

सोलापूरच्या पेपरात एक वाक्य हमखास असतं, "याची नोंद सिव्हिल पोलीस चौकीत झाली आहे." (सिव्हिल म्हणजे सरकारी दवाखाना, तिथली चौकी.) मारामारी असू दे, कुणी विष पिलेलं असू दे, गाडीवरनं पडलेलं असू दे, शेवटाला हेच. मी मूळचा धाराशिवकडचा, इथं पेपरात लागलो, सात वर्षं क्राईम बीट केलं आणि हे वाक्य किती वेळा टाईप केलं त्याचा हिशेबच नाही. मग एमपीएससी, नाशिकची अकादमी, पीएसआय. आता त्या नोंदी माझ्याच टेबलावर येतात. (ठाण्याचं नाव विचारू नका, नोकरी करायचीय.)

बातमीदार असताना पंचनाम्याच्या भाषेला लई हसायचो. "पिवळ्या धातूचे गंठण" म्हणे! अरे सोनं म्हणायला काय होतंय. नवीन पीएसआय होतो तेव्हा एका जप्तीत मी ऐटीत लिहिलं, सोन्याचे गंठण. आमचे एक जुने हवालदार कागद बघून म्हणाले, "साहेब, काय लिहिलालाव हे? सराफ हाय का तुमी?" मग चहा पीत पीत समजावलं, की उद्या कोर्टाच्या ऑर्डरनं मुद्देमाल परत देताना ते खोटं निघालं तर बाई म्हणणार पोलिसांनीच बदललं, आणि तुमची सही खाली. सराफानं तपासून दिलं की मग सोनं, तोवर पिवळं. त्या दिवसापासून हसणं बंद.

आणि आम्ही पेपरात काय लिहायचो, "मुसक्या आवळल्या". तो आरोपी टपरीवर मावा मळत बसलेला असतो, चल म्हटलं की स्वतःच गाडीवर मागं बसतो. मुसक्या कसल्या.

आता गंमत म्हणजे पूर्वी पंचनामा चालू असताना मोबाईल काढला की पोलीस मला हाकलायचे. 1 जुलै 2024 पासून नवीन कायदा आला, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, एफआयआरचं कलम 154 जाऊन 173 झालं ते पाठ करता करता जीव गेला, पण त्यातच कलम 105 आहे, झडती-जप्तीचं व्हिडिओ शूटिंग करायचंच. म्हणजे फिरून शूटिंग माझ्याच गळ्यात, फरक एवढाच की बॅटरी संपली तर आता संपादक नाही, आरोपीचा वकील झापतो.

जानेवारीत सिद्धेश्वर यात्रेच्या बंदोबस्ताच्या धावपळीतच 12 तारीख येते, सोलापूरच्या चार हुतात्म्यांच्या फाशीचा दिवस, हुतात्मा चौकात त्यांच्या पुतळ्यांना हार घालतात. त्या चौघांतले कुर्बान हुसेन 'गझनफर' नावाचं वृत्तपत्र चालवायचे. 1930 साली मे महिन्यात मंगळवार पेठेची चौकी जळाली, दोन पोलीस मेले, त्या केसमध्ये चौघांना 1931 ला येरवड्यात फाशी दिलं. तिथं खाकी घालून उभा असलो की मला नेमकं कुठं बघावं कळत नाही. पेपरवाला म्हणून मी त्या पुतळ्याच्या बाजूचा, आणि ते मेलेले दोन शिपाईही कुणाचे तरी होतेच की. असो.

काल रात्री साडेअकराला फोन, पेपरातला नवीन पोरगा, पेज सोडायची घाई.

"साहेब, काही विशेष?"

"निरंक." मग राहवलं नाही, म्हटलं, "एक गंठण गेलंय, पिवळ्या धातूचं."

"म्हणजे सोन्याचंच ना?"

"तुझ्या पेपरात सोन्याचं लिही बे, माझ्याकडं पिवळंच हाय."