आंग्र्यांना सोडून लंडनला कशाला गेलीस?

माझं दुसरं पुस्तक आल्यापासून हर्णै-दापोलीत भेटेल तो हेच विचारतो, अगदी लग्नाच्या पंगतीतसुद्धा. “सुवर्णदुर्गावर इतकं छान लिहिलंस, मग डॉ. जॉन्सन आणि त्याच्या मित्रांच्या गप्पा मध्येच कुठून आल्या?” तुम्ही विचारलंत म्हणून एकदा नीट लिहिते.

आरमारवाला तुळाजी आंग्रे, त्याच्याविरुद्ध पेशव्यांनी इंग्रजांशी केलेला तह हे तुम्हाला पाठ आहे. २ एप्रिल १७५५ला कमोडोर विल्यम जेम्सने सुवर्णदुर्ग घेतला आणि त्याच महिन्याच्या १५ तारखेला लंडनमध्ये जॉन्सनचा इंग्रजी शब्दकोश बाहेर पडला. हा निव्वळ योगायोग, मान्य. पण १७६४मध्ये जॉन्सनबरोबर लिटररी क्लब, म्हणजे जेवणाच्या टेबलाशी गप्पा मारणारी मंडळी, काढणाऱ्या चित्रकार जोशुआ रेनॉल्ड्सनेच या जेम्सचं चित्र रंगवलं. जेम्स गेल्यावर त्याच्या बायकोने १७८४मध्ये लंडनच्या शूटर्स हिलवर तिकोनी मनोरा उभारला आणि त्याला आपल्या किल्ल्याचं नाव दिलं, ‘सेव्हर्नड्रूग’. आता सांगा, कोकण सोडून मी कुठे गेले?

हेच सगळं मी हर्णैच्या कार्यक्रमात सांगितलं. पुढच्याच रांगेत नाना बसले होते. लहानपणी त्यांच्याच होडीतून मी पहिल्यांदा किल्ल्यात गेले, दरवाज्याच्या पायरीवरचं कासव त्यांनीच हात धरून दाखवलं. माझं पहिलं पुस्तक त्यांनी नातवाकडून दोनदा वाचून घेतलं होतं. मी थांबले तसे ते उठले, पुस्तक माझ्यासमोर टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, “बाय, त्या लोकांच्या जेवणात आपलं कोण बसलं होतं?” मी एडमंड बर्कचं नाव घेतलं. क्लबातलाच माणूस, ब्रिटिश संसदेतला, बंगालचा गव्हर्नर-जनरल राहिलेल्या वॉरन हेस्टिंग्जवर महाभियोग चालवणारा. नानांनी विचारलं, “मग शिक्षा झाली?” नाही झाली. १७८८ला सुरू झालेला खटला १७९५मध्ये हेस्टिंग्ज निर्दोष सुटून संपला. नानांनी टोपी घातली आणि निघून गेले. पुस्तक टेबलावरच राहिलं. त्यानंतर कोण काय बोललं ते मला आठवत नाही.

पहिलं पुस्तक लिहिणारी मी नानांच्याच बाजूने उभी राहिले असते. तोफा डागणारे एकीकडे, सुंदर वाक्यं बोलणारे दुसरीकडे, असं तेव्हा वाटायचं. आता तसं लिहवत नाही. क्लबाचा सदस्य विल्यम जोन्स १७८३मध्ये कलकत्त्याला न्यायाधीश होऊन आला आणि पुढच्याच वर्षी त्याने तिथे एशियाटिक सोसायटी काढली. संस्कृतवर त्याचा जीव होता, पगार मात्र राज्यकर्त्यांच्या न्यायालयाचा. यातलं कुठलं एक खोडू?

कुणीही म्हणेल, त्यापेक्षा पोंभुर्ल्याच्या बाळशास्त्री जांभेकरांवर लिही. लिहीन की! पण त्यांचं ‘दर्पण’ हे वृत्तपत्र १८३२मध्ये मराठी आणि इंग्रजी, दोन्ही भाषांत शेजारी शेजारी छापलं जायचं. त्या इंग्रजी स्तंभाचा विचार करायचा झाला की मला पुन्हा लंडनलाच जावं लागतं.

आपलं त्या टेबलाशी कुणीच नव्हतं, नाना. ते मी पुस्तकात लिहिलंय, चौथ्या प्रकरणात. तुम्ही तिथपर्यंत वाचावं एवढंच माझं म्हणणं आहे.